बाळाच्या डब्याची बखर

दिवाळी जवळ आली की आपल्या घरांत डब्यांचे राज्य सुरू होते. चिवड्याचा डबा, चकल्यांचा डबा, लाडवांचा डबा, आणि मुलांच्या हाती लागू नये म्हणून सर्वांत वरच्या फळीवर चढविलेला अनारशांचा डबा. या सैन्याच्या गर्दीत एक लहानसा डबा मात्र कोपऱ्यात मुकाट उभा असतो. ज्या घरी पाळणा हलत असतो, त्या घरी त्यात नाचणीचे सत्त्व असते, नाहीतर डाळ-तांदळाची भाजलेली भरड. दिवाळी आली काय नि गेली काय, त्याचे काम रोज दोन वेळा चालूच असते. फराळाच्या डब्यांवर दरवर्षी भरभरून लिहिले जाते. या चिमुकल्या डब्याची बखर सांगण्याचे मात्र सहसा कोणी मनावर घेत नाही. ती आज थोडक्यात सांगावयाची आहे.

बखर म्हटली की ठिकाण हवे. ते डोंबिवलीचे घेऊ. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी गेली आणि पुढल्याच वर्षी, १८५४ च्या १ मे रोजी, ती कल्याणास पोचली. त्या वाटेवर खाडीच्या अंगाला भातशेती करणारी जी आगरी वस्तीची गावे होती, त्यांतलेच डोंबिवली हे एक. पुढे मुंबईत खोली मिळणे दुरापास्त झाले तसतशी कारकून, शिक्षक, छापखान्यातले जुळारी, बँकेतले कॅशियर अशी मंडळी येथे येऊन राहिली. कोणी रत्नागिरीकडचे, कोणी देशावरचे. येताना प्रत्येक घराने आपले जाते-पाटे आणि आपल्या आजीचे शहाणपण बरोबर आणले. १९६४ साली येथे औद्योगिक वसाहत आली, १९८३ साली कल्याणसह महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या शिरगणतीत या जोडशहराची वस्ती साडेबारा लाखांच्या घरात भरली. या सर्व काळात गावाचे घड्याळ एकच राहिले. ते म्हणजे लोकलचे वेळापत्रक. बाळाच्या डब्याची गोष्ट येथूनच सांगण्याचे कारणही तेच. या डब्यात पीठ असते हे खरे, पण त्याहून अधिक त्यात आईचा वेळ साठविलेला असतो. तो वेळ कोणी दिला, कोणी हिरावला आणि कोणी विकला, हीच या बखरीची खरी कथा आहे.

आरंभ मात्र फार मागे जाऊन करावा लागतो. मुलाला पहिले अन्न केव्हा द्यावे याचा विचार आपल्याकडे अगदी जुन्या काळापासून झालेला आहे. आश्वलायनाच्या गृह्यसूत्राने अन्नप्राशन सहाव्या महिन्यात सांगितले. पोषण हवे तर बकऱ्याचे मांस, तेज हवे तर तूपभात, आणि त्यांच्या जोडीस दही, मध व तूप, असा त्याचा बेत. सुश्रुतानेही सहाव्या महिन्यापासून हलके व हितकर अन्न द्यावे असे म्हटले आहे. केवळ बालकांच्या वैद्यकाला वाहिलेली काश्यपसंहिता याहून सावध आहे. तिचे मत असे की सहाव्या महिन्यात फळांचा रस चाखवावा आणि धान्याचे अन्न दहाव्या महिन्यात द्यावे. तेही जुने, सडलेले, स्वच्छ धुतलेल्या साळीच्या तांदळांचे. ही संहिता शतकानुशतके लोकांच्या नजरेआड होती. तिची त्रुटित पोथी नेपाळात सापडली आणि १९३८ साली ती छापून प्रसिद्ध झाली. गंमत अशी की जागतिक आरोग्य परिषदेने २००१ साली पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध द्यावे असा ठराव केला, तेव्हा तो आपल्या उष्टावणाच्या मुहूर्ताशी जुळला. सूत्रकारांजवळ प्रयोगशाळा नव्हती. पण मूल बसू लागते, घास पाहून तोंड उघडते आणि जिभेने अन्न बाहेर ढकलण्याचे थांबवते, हे पाहावयास डोळे पुरेसे होते.

उष्टावणाचा सोहळा आपल्या घरांत अजून होतो. मामाने मांडीवर घ्यावयाचे, चांदीच्या वाटीत खीर, सोन्याच्या अंगठीने पहिले बोट चाटवावयाचे, आणि बाळाने तोंड वेडेवाकडे केले की सर्वांनी हसावयाचे. पण खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी उभा राहतो. मामा आपल्या गावी जातो, खीर संपते, आणि आता रोज काय द्यावयाचे? त्याचे उत्तर त्या डब्यात असते.

कोकणात आणि ठाण्याच्या पट्ट्यात हे उत्तर मुख्यतः तांदूळ आणि नाचणी यांनी दिले. तांदळाची पेज, गुरगुट्या भात, मुगाच्या डाळीबरोबर मऊ शिजविलेले खिमट, हे तेवढ्यापुरते शिजवून द्यावयाचे अन्न. साठवणीचे अन्न निराळे. तांदूळ आणि मूगडाळ धुऊन पंचावर पसरावयाची, सावलीत खडखडीत वाळवावयाची, मंद विस्तवावर खमंग भाजावयाची आणि जात्यावर भरड काढावयाची. हवी तेव्हा दोन चमचे भरड पाण्यात शिजविली की खिमट तयार. देशावर गव्हाची आणि ज्वारीची पिठे आली, खारकेची पूड आली. अशक्त पोराला तवकीर, आजारातून उठलेल्याला लाह्यांचे पीठ. या सर्वांचा राजा मात्र नाचणीचे सत्त्व.

सत्त्व काढण्याच्या रीती दोन, आणि त्यांतला भेद समजून घेण्याजोगा आहे. पहिली ओली. नाचणी तीन दिवस भिजत घालावयाची, रोज पाणी बदलावयाचे, मग वाटून फडक्यातून गाळावयाची. पांढुरके पाणी पातेल्यात निवत ठेवले की तळाशी साका बसतो. वरचे पाणी अलगद ओतून टाकावयाचे, साका ताटात थापून उन्हात वाळवावयाचा, आणि त्याच्या वड्या फोडून पूड करावयाची. हे सत्त्व पचावयास हलके, रंगाने देखणे. पण फडक्यात जो चोथा राहिला त्याच्याबरोबर नाचणीतल्या खनिजांचा मोठा भाग निघून गेला. नावाने सत्त्व असले तरी खरे सत्त्व थोडे चोथ्यातही होते. दुसरी रीत कोरडी. नाचणी रात्रभर भिजवून फडक्यात घट्ट बांधावयाची, मोड आले की सावलीत वाळवून, किंचित भाजून दळावयाची आणि वस्त्रगाळ करावयाची. हिच्यात कोंड्याचा भाग कमी जातो आणि दाण्यातले बरेचसे जागच्या जागी राहते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम चुना असतो. तेवढ्याच तांदळात तो दहा मिलिग्रॅमच्या आसपास असतो. हाडे धरू लागलेल्या मुलाला डोंगरावरचे हे काळसर तांबडे धान्य का मानवले, हे या दोन आकड्यांवरून कळेल.

आता साठवणीचे शास्त्र पाहा. ज्या बायांनी हे डबे भरले त्यांच्याजवळ बर्फाचे कपाट नव्हते, आणि कोकणचा पाऊस चार महिने भिंतींनाही बुरशी आणणारा. अशा हवेत मुलाचे अन्न टिकवावयाचे तर एकच मार्ग होता: त्यातले पाणी काढून टाकणे. जंतू असोत की बुरशी, ओल असल्याशिवाय त्यांचा संसार होत नाही. वाळवणे आणि भाजणे या दोन्ही क्रिया ओल घालविण्याच्याच. म्हणून ही कामे फाल्गुन-चैत्राच्या उन्हात उरकावयाची, पीठ पूर्ण निवल्यावाचून डब्यात भरावयाचे नाही, ओला चमचा डब्यात घालावयाचा नाही, आणि श्रावणात एकदा डबा उघडून पीठ पुन्हा गरम करून घ्यावयाचे. दाणे साठवताना कडुनिंबाचा पाला घालावयाचा. पीठ मात्र एका वेळी पंधरा दिवसांचे, फार तर महिन्याचे. ‘कोरडे साठवा, थोडे शिजवा, ताजे भरवा’ असे तीन वाक्यांचे सूत्र कोणी लिहून ठेवले नाही. ते हातांनी हातांना शिकविले. आजचे आहारशास्त्र याहून फारसे वेगळे सांगत नाही.

तथापि जुने ते सारे सोने असे मानणेही बरे नव्हे. जन्मल्या मुलाला मध चाटविण्याची रीत घराघरांत होती. मधात क्वचित असे बीजाणू असतात की जे तान्ह्याच्या आतड्यात विष तयार करतात. म्हणून वर्षाच्या आत मध देऊ नये असे आज बालरोगतज्ज्ञ सांगतात. सहाणेवर उगाळलेल्या गुटीची मात्रा प्रत्येक घरात वेगळी, आणि सहाण धुतलेले पाणीही प्रत्येक ठिकाणी स्वच्छ असेलच असे नाही. आजीच्या ज्ञानाचा आदर करावयाचा तर त्यातले काय टिकले आणि काय टिकू नये, हे निवडूनच तो केला पाहिजे.

आणि हा डबा भरावयास सवड लागत असे, हे विसरता येत नाही. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बाईला ती सवड नव्हती. पहाटे भोंगा झाला की मूल खोलीत ठेवून जावे लागे, आणि ते रडू नये म्हणून त्याला अफूची बाळागोळी दिली जाई. १९२० नंतर मुंबई सरकारने डॉ. बार्न्स नावाच्या एका डॉक्टरीणबाईंना गिरण्यांतल्या स्त्रियांची स्थिती पाहण्यास नेमले. गिरणीकामगार आयांच्या मुलांना अफू देण्याची चाल जवळजवळ सार्वत्रिक असल्याचे त्यांना आढळले. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक अर्भकमृत्यू नोंदले गेले. कित्येक बायका बाळंतपणास गावी जात, जन्म तिकडे होई आणि मृत्यू इकडे, म्हणून हा आकडा फुगलेला आहे. तरीही तो अंगावर काटा आणतो. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूती-लाभाचा कायदा झाला. त्याचा पुरस्कार करताना कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. बाळंतिणीला काही आठवडे पगारी विसावा मिळावा, हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. बाळाच्या वाटीचा संबंध कायद्याच्या पुस्तकाशी कसा पोचतो तो असा.

जेथे आईजवळ वेळ नाही तेथे कोणीतरी तो वेळ डब्यात भरून विकावयास येणार, हे ओघानेच आले. युरोपात ते आधीच घडले होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस लीबिग याने १८६५ च्या सुमारास आपल्या नातवंडांसाठी एक अन्न तयार केले: गव्हाचे पीठ, गाईचे दूध, थोडा क्षार, आणि मोड आणून वाळविलेल्या जवाचे पीठ. १८६७ साली स्वित्झर्लंडमधील व्हेवे येथे हेन्री नेस्ले याने दूध, भाजलेले गव्हाचे पीठ आणि साखर यांची भुकटी बाजारात आणली. अमेरिकेत हॉर्लिक बंधूंनी १८८३ साली मोड आलेल्या धान्याच्या दुधाळ भुकटीचे पेटंट घेतले. पाहा, लीबिग व हॉर्लिक या दोघांच्याही कृतीचा प्राण म्हणजे मोड. मोड येताना दाण्यात एक पाचक द्रव्य जागे होते आणि ते पिठूळपणाचे साखरेत रूपांतर करू लागते. जी किमया युरोपने शास्त्र म्हणून बाटलीत भरली, तीच कोकणातल्या माजघरात फडक्याच्या पुरचुंडीत चालू होती. फरक एवढाच की पुरचुंडीला पेटंट नव्हते आणि जाहिरातही नव्हती.

जाहिरातीचे युग आपल्याकडेही आलेच. गिरगावच्या के. टी. डोंगरे यांच्या बालामृताने मराठी घरांत इतका शिरकाव केला की गुटगुटीत मुलाला पाहून ‘डोंगरे बालामृत’ म्हणण्याची पद्धत पडली. १९२४ साली मुंबईत एच. जे. फॉस्टर नावाची कंपनी स्थापन झाली. ग्लॅक्सोचा हिंदुस्थानातील धंदा तिच्यातूनच वाढला. ‘ग्लॅक्सो बेबी’ हा शब्द मग डोंगऱ्यांच्या शब्दाशेजारी येऊन बसला. बाळसे ही आतापर्यंत देवाची आणि आईची देणगी होती. ती आता दुकानात किंमत देऊन मिळू लागली, निदान तसे वाटू लागले.

स्वातंत्र्यानंतर या गोष्टीला एक स्वदेशी वळण मिळाले. खेडा जिल्ह्यातील दूध-उत्पादकांचा संघ १९४६ साली स्थापन झाला होता आणि त्याचे दूध मुंबईकरांच्या चहात पडत होते. हिवाळ्यात दूध उतू जाई, उन्हाळ्यात आटे. जास्तीच्या दुधाची भुकटी करावी तर ते बहुतेक म्हशीचे, आणि म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही असे परदेशी तज्ज्ञांचे मत. एच. एम. दलाया यांनी ती करून दाखविली, आणि १९५५ च्या ३१ ऑक्टोबरला आणंदच्या नव्या कारखान्याचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. पण भुकटी झाली म्हणजे बाळाचे अन्न झाले असे नाही. म्हशीच्या दुधात स्निग्धांश फार आणि त्याचे दही घट्ट बांधणारे. तान्ह्याच्या पोटाला ते जड. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी स्निग्धांश बेतून आणि जीवनसत्त्वे घालून त्याचे बालान्न कसे करावे याची कृती बसविली, आणि १९६० च्या सुमारास अमूलचा डबा बाजारात आला. परदेशी चलन वाचले, गुजरातच्या गवळ्यांना भाव मिळाला, आणि ज्या मुलांना आईचे दूध खरोखरच मिळू शकत नव्हते त्यांना आधार झाला. हे श्रेय त्या डब्याला द्यावयासच हवे.

साठीच्या दशकातली डोंबिवली डोळ्यांपुढे आणा. चाळीची दोन खोल्यांची बिऱ्हाडे, विहिरीचे किंवा सार्वजनिक नळाचे पाणी, रॉकेलचा स्टोव्ह. घरधनी सकाळच्या गाडीने मुंबईस गेलेला. हळूहळू बायकाही शाळांत, टेलिफोन खात्यात, विमा कंपनीत नोकरीस लागल्या. सकाळी गाडी चुकली की हजेरीपटावर लेट मार्क. आणि दाराशी आजीच्या कडेवर हात पसरून रडणारे मूल. अशा घरात दुधाच्या भुकटीचा डबा ही चैन म्हणता येत नाही. तो सवडीचा पर्याय होता. डॉक्टरांच्या दवाखान्यातही गुटगुटीत मुलाचे चित्र टांगलेले असे, तेव्हा तो प्रतिष्ठेचाही झाला. मात्र डबा रिकामा झाल्यावर तो फेकण्याची पद्धत मराठी घरात नव्हती. घट्ट झाकणाचा तो सुरेख पत्र्याचा डबा धुऊन, उन्हात वाळवून आजी ताब्यात घेई, आणि महिनाभराने पाहावे तो त्यात नाचणीचे सत्त्व! बाहेर हसऱ्या बाळाचे छापील चित्र आणि आत घरचे पीठ. त्या काळाचे याहून खरे चित्र काढणे कोणा चित्रकारालाही साधणार नाही.

पण भुकटीबरोबर बाटली आली, आणि बाटलीबरोबर पाणी आले. भुकटी महाग म्हणून चार चमच्यांच्या जागी दोन पडू लागले. पाणी उकळावयास रॉकेल लागते म्हणून ते तसेच वापरले जाऊ लागले. रबरी बुचाच्या खाचेत कालचे दूध राहू लागले. ज्या रोगाला कोरड्या पिठाने दाराबाहेर ठेवले होते तो ओल्या बाटलीतून आत शिरला. सिसिली विल्यम्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाईंनी १९३९ सालीच सिंगापुरात रोटरी क्लबपुढे भाषण करून, तान्ह्यांना अयोग्य दूध देण्याच्या प्रचारास खुनाची उपमा दिली होती. त्या वेळी ते कोणाला रुचले नाही. १९७४ साली इंग्लंडात याच विषयावर एक पुस्तिका निघाली आणि जगभर काहूर उठले. १९८१ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने अशा पदार्थांच्या जाहिरातीविषयी आचारसंहिता केली. ११८ राष्ट्रे बाजूने आणि एकटी अमेरिका विरुद्ध. भारताने १९८३ साली स्वतःची संहिता आणली. १९९१ च्या ३ डिसेंबरला स्तनपानाच्या प्रसारासाठी देशभरच्या डॉक्टरांचे व कार्यकर्त्यांचे एक जाळे उभे राहिले, तेही आपल्या वर्ध्याला. पुढल्याच वर्षी संसदेने कायदा करून दुधाच्या बाटल्या व बालान्न यांच्या जाहिरातींस आळा घातला, आणि २००३ साली तो अधिक कडक केला. डब्यावरचे हसरे बाळ त्या कायद्याने अदृश्य झाले. आजच्या डब्यावर अस्वल दिसेल, ससा दिसेल; बाळ दिसावयाचे नाही.

आता डोंबिवलीच्या फलाटावरून जरा उत्तरेकडे पाहू. जी नाचणी आपण कौतुकाने विकत घेतो ती डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत पिकते. जव्हार, मोखाडा, विक्रमगड हा तो मुलूख. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत तो ठाणे जिल्ह्यातच होता. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी ही तेथली माणसे. त्या जिल्ह्यातच १९४५ साली बोर्डी येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्रामबालशिक्षणाचे काम मांडले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, या कल्पनेतून ‘अंगणवाडी’ हा शब्द आला. १९७५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या देशव्यापी बालविकास योजनेने तो घराघरांत नेला. १९७४ च्या सुमारास डहाणू तालुक्यात कासा येथे डॉ. पी. एम. शहा यांनी गावातल्याच स्त्रियांना अर्धवेळ कामावर घेऊन घरोघरच्या मुलांची वजने करण्याचा आणि घटणारे मूल वेळीच हेरण्याचा प्रयोग केला. एवढे होऊनही १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या परिसरात कुपोषणाने बालके दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला.

हे कसे झाले? नाचणी तर त्यांच्या उंबऱ्याशी पिकत होती. पण पीक चार महिन्यांत संपे. मग बापाबरोबर आईही वीटभट्टीवर, रेतीवर, भिवंडी-कल्याणच्या बाजूस कामाला जाई, आणि सहा महिन्यांचे मूल पाच वर्षांच्या बहिणीच्या ओटीत राही. तिने पाजावयाचे काय, तर पातळ पेज. तेथे धान्यही अपुरे होते आणि आईचा वेळही. मुंबईच्या गिरणीतली बाई, डोंबिवलीच्या गाडीतली बाई आणि जव्हारहून भट्टीवर गेलेली बाई, यांची दुःखे एका मापाची नाहीत. पण त्या तिघींच्या बाळांच्या वाटीत जी उणीव पडली ती एकाच जागी पडली.

या पातळ पेजेचे कोडे शास्त्राने उकलले ते ऐकण्यासारखे आहे. वर्षाच्या आतल्या मुलाचे पोट म्हणजे जेमतेम एक वाटी. पिठाची लापशी दाट केली तर ती चिकट होऊन गिळवत नाही. पाणी घालून सैल केली तर पोट भरते पण अन्न मिळत नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात यावर उपाय दाखविला. दाट शिजलेल्या लापशीत, ती खाण्याजोगी कोमट झाल्यावर, मोड आलेल्या धान्याचे अगदी थोडे पीठ कालवावयाचे. पाहता पाहता लापशी सैल होते, आणि पाण्याचा थेंबही वाढत नाही. मोडातले पाचक द्रव्य पिठाच्या लांब साखळ्या तोडते म्हणून हे घडते. उकळत्या लापशीत मात्र ते घालावयाचे नाही, कारण उष्णतेने ते द्रव्य मरते. त्याच सुमारास हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे भाजलेले गहू, हरभराडाळ, शेंगदाणे आणि गूळ यांचे मिश्रणही नावारूपास आलेले होते. लीबिगपासून निघालेली वाट अशा रीतीने फिरून पुरचुंडीपाशी आली.

घरातली साधनेही या काळात बदलली. १९५८ साली गोदरेजचे शीतकपाट, १९५९ साली हॉकिन्सचा कुकर, १९६३ साली सुमीतचा मिक्सर. यांतला कुकर तर पुढे आपल्या ठाण्यातच तयार होऊ लागला. जात्याची घरघर थांबली, खिमट पंधरा मिनिटांत शिजू लागले. शीतकपाटाने मात्र साठवणीचे जुने सूत्र उलटे केले. आजी कोरडे साठवीत असे. आज शिजविलेले ओले अन्न साठविले जाते. ते चुकीचे नाही, पण त्याचे नियम कडक आहेत. शिजलेले अन्न दोन तासांवर बाहेर ठेवावयाचे नाही. विशेषतः भाताचे, कारण त्यातले काही जंतू पुन्हा उकळल्यानेही निष्प्रभ न होणारे विष सोडून जातात. लहान भांड्यांत लवकर निववून ठेवावयाचे आणि एक-दोन दिवसांत संपवावयाचे. गोठवायचे तर बर्फाच्या साच्यात एकेका घासाच्या वड्या करून, वर तारीख लिहून. एकदाच वाफाळेपर्यंत गरम करावयाचे, आणि बाळाच्या उष्ट्या चमच्याचे अन्न परत ठेवावयाचे नाही. वर्षाच्या आत मीठ आणि साखर यांची गरज नाही. आणि ज्या गावात वीज केव्हाही जाते तेथे कोरड्या पिठाचा डबा अजूनही सर्वांत भरवशाचा.

साखरेचे निघालेच आहे म्हणून एक ताजी घटना. २०२४ च्या एप्रिलात स्वित्झर्लंडच्या ‘पब्लिक आय’ या संस्थेने एक अहवाल प्रसिद्ध केला. युरोपात वरची साखर न घालता विकले जाणारे नेस्लेचे बालान्न भारतात मात्र साखर घालून विकले जाते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यावर बराच गहजब झाला, आणि त्याच वर्षी कंपनीने साखरविरहित प्रकार आणण्याचे जाहीर केले. एखादी गोष्ट घरी केली की तिच्यात काय आहे हे आपल्याला ठाऊक असते. विकत घेतली की ते दुसऱ्याने सांगावे लागते. घरच्या डब्याची सर्वांत मोठी बाजू बहुधा हीच असावी.

हल्ली डोंबिवलीत हा डबा भरण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. कोठे आजी आहे. कोठे सून रविवारी नाचणीला मोड आणते आणि जावई ती गिरणीत नेऊन दळून आणतो. कोठे बचत गटातल्या बाया सत्त्व करून दिवाळीच्या प्रदर्शनात विकतात, आणि एका आईचा वेळ दुसऱ्या आईच्या चुलीला मिळकत देऊन जातो. पाळणाघरातल्या मावशींच्या फळीवर दहा घरांचे दहा डबे नावे लावून उभे असतात. कायद्यानेही थोडी पावले टाकली. १९६१ च्या कायद्याने बाळंतिणीला १२ आठवड्यांची पगारी रजा दिली. २०१७ च्या दुरुस्तीने ती २६ आठवड्यांची झाली. २६ आठवडे म्हणजे सहा महिने, म्हणजे थेट उष्टावणाचा मुहूर्त. सूत्रकारांचा हिशेब कायदेमंडळाला पटावयास बराच काळ लागला, असे कोणी थट्टेने म्हटले तर रागावण्याचे कारण नाही. ही रजा मोठ्या कचेरीतल्या बाईच्या पदरात पडते. वीटभट्टीवरच्या आणि घरकाम करणाऱ्या बाईचा हिशेब अजून बाकीच आहे.

तेव्हा या दिवाळीत ज्यांच्या घरी पाळणा आहे त्यांनी फराळाचे डबे भरताना त्या लहान डब्याकडेही पाहावे. तो रिकामा होत आला असेल तर कोणी भरावयाचा, हे घरातल्या साऱ्यांनी मिळून ठरवावे. नाचणी भिजत घालावयास, पंचा पिळावयास, चाळण धरावयास आईचेच हात हवेत असे कोणत्याही सूत्रात सांगितलेले नाही.